पाकातली बोटं

काल केतकीनं मला तुमच्या घरी बोलावलं, शालनताई. तुम्हाला जाऊन तेवीस दिवस झाले. रश्मी, फ्लॅट महिनाअखेर परत द्यायचा आहे, आईचं किचन आवरायला येशील का, असा तुमच्या लेकीचा मेसेज होता, नेहमीप्रमाणे इंग्रजीत. मी गेले. सहाव्या मजल्यावरच्या त्या लांबलचक गॅलरीतून चालताना रवा भाजल्याचा वास येईल असं उगाच वाटत राहिलं. आला नाही. शेजारच्या नाईमाच्या दारातून लसणाचा आला. तुमच्या दाराबाहेर तुमचे काळे बूट होते तसेच होते.

इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमच्याबद्दल पुष्कळ लिहून आलं. अन्नपूर्णा, कष्टाळू, सदा हसतमुख. पहिली दोन खरी आहेत. हसतमुख तुम्ही अजिबात नव्हतात. फराळाची ऑर्डर न्यायला उशिरा येणाऱ्याला तुम्ही दारातच असं काही सुनवायचात, की न्यूनेनहून तासभर गाडी चालवत आलेला मोठा मॅनेजर मान खाली घालून उभा राहायचा. वर त्यालाच डबा परत आणून द्यायची ताकीद. मला त्याची फार मजा वाटायची.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. जोडलेल्या हातांची दोन चित्रं टाकली आणि गप्प बसले. मला तुमच्याबद्दल लिहायचं नव्हतं, तुम्हाला सांगायचं होतं. एक गोष्ट राहिली आहे. ती तुमच्या साखरेची आहे आणि माझ्या एका शब्दाची. सांगायला मला दोन-अडीच महिने मिळाले होते. मी सांगितली नाही.

आपली ओळख झाली ती तुमच्या वस्तीतल्या केंद्रात. मी युट्रेख्टच्या त्या भागात राहत नव्हते. मी कालव्यापलीकडे, नवऱ्याच्या आयटीतल्या पगारावर घेतलेल्या घरात. पुण्याहून डिपेंडंट व्हिसावर आले, काही वर्षं नुसतं डच शिकत बसले आणि मग आठवड्यातून दोन दिवस त्या केंद्रात कामाला लागले. दर मंगळवारी तिथे डायबेटिसवाल्यांचा गट जमायचा. मोरोक्कोची नाईमा, दोन तुर्की आजोबा, सुरिनामच्या एक बाई, दिवसा गोदामात नाहीतर सफाईवर राबणारी आणखी काही माणसं. आणि एका मंगळवारी खिडकीपाशी तुम्ही, सलवार-कमीजवर नवऱ्याचं जुनं जॅकेट घातलेल्या.

डॉक्टरांच्या दवाखान्यातली डायबेटिसची नर्स, मार्लूस, त्या दिवशी खाण्याच्या चित्रांचा तक्ता घेऊन आली होती. ब्राऊन ब्रेड, चीज, उकडलेले बटाटे, कोबी. तुम्ही तो हातात घेतलात, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिलीत आणि स्वतःशीच मराठीत म्हणालात, "आमचं काय बी न्हाई यात. आम्ही जेवतच न्हाई व्हय?"

मी गर्रकन वळले. त्या खोलीत मराठी मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मग हळूहळू कळत गेलं. तुम्ही कराडच्या. नवरा इथल्या एका रेस्टॉरंटात आचारी, त्याच्या मागे तुम्ही आलात. तो गेल्यावर परत न जाता हॉटेलातल्या खोल्या साफ करून केतकीला शिकवलीत. ती आता आर्नहेमला एका ऑफिसात होती. तुमची कामाची वेळ हॉटेलवाले आदल्या दिवशी कळवायचे, कधी पहाटे, कधी दुपारी. इन्सुलिन मात्र घड्याळाप्रमाणे घ्यायचं, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी. मार्लूस वेळा पाळा म्हणून सांगायची आणि तुम्ही मला म्हणायचात, "तिला म्हणावं, आधी माझ्या मुकादमाला सांग." हे मी कधी भाषांतर केलं नाही. माझी ती सवय तेव्हापासूनची. तुमच्या बोलण्याचे कोपरे मी घासून गुळगुळीत करायचे आणि मग पुढे द्यायचे.

इथल्या यंत्रावर साखरेचा आकडा लहान येतो, चार, सहा, दहा असा. तुम्हाला कराडच्या डॉक्टरांचा शेकड्यातला आकडा कळायचा. कुणीतरी सांगितलं, अठरानं गुणायचं. झालं. भर गटात, सगळ्यांसमोर, तुम्ही अठराचा पाढा मोठ्यानं म्हणायला लागलात. अठरा चोक बहात्तर, अठरा पंचे नव्वद. सहा आला की अठरा सक एकशे आठ, आणि तुमचा चेहरा उजळायचा. "बघ, जपमाळ पुरी झाली." नाईमाला वाटायचं तुम्ही काही प्रार्थना म्हणताय. ती आदरानं गप्प राहायची, आणि मी तिला कधी खरं सांगितलं नाही.

मग कोरोना आला आणि सगळं बंद झालं. केंद्राला कुलूप लागलं, गट मोडला, हॉटेल रिकामं पडलं आणि तुम्हाला कामावर बोलावणंच थांबलं. डॉक्टरांकडे जायचं नाही, फोनवर बोलायचं. दर पंधरवड्याला गुरुवारी मार्लूस दवाखान्यातून, मी माझ्या जेवणाच्या टेबलावरून आणि तुम्ही स्वयंपाकघरातून, अशा तिघी एका फोनवर यायचो. तुमचा फोन ओट्यावर, स्पीकर लावून, कारण हात कामात. तुम्ही वहीतले आकडे वाचायचात, मी ते डचमध्ये सांगायचे.

हात कामात, कारण त्या वर्षी कुणालाच भारतात जाता आलं नव्हतं. ज्यांच्या आया दर दिवाळीला बॅग भरून फराळ पाठवायच्या त्यांना इथे करून देणारं कुणीतरी हवं होतं, आणि तुमच्या पाकातल्या रव्याच्या लाडवाची कीर्ती तोंडातोंडी पसरली. युट्रेख्ट, आर्नहेम, न्यूनेन, कुठून कुठून लोक यायचे, दाराबाहेरच्या खुर्चीवर ठेवलेला डबा उचलायचे. तुमचं घर त्यावर चाललं. मी दोनदा मदतीला आले होते, मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून. पाक उकळताना तुम्ही त्यात चमचा बुडवायचात, थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं उघडायचात आणि तार उजेडात धरून बघायचात. चव कधी घ्यायची नाही. घेणाऱ्यानं नैवेद्याला ठेवला तर, हे तुमचं म्हणणं. वासावर आणि बोटांवर तुमचं सगळं काम. मी विचारलं, मीठसुद्धा चाखत नाही का, तर म्हणालात, "हात कशाला दिल्यात मग देवानं?"

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पुढे जे बोलले ते हे पाहून बोलले, हे लक्षात ठेवा.

उन्हाळ्यापासून तुमचे संध्याकाळचे आकडे चढायला लागले. सकाळी सहा, सात. संध्याकाळी चौदा, सोळा, एकदा तर एकोणीस. मार्लूसनं सांगितलेली मोजायची वेळ साडेपाच, आणि ऑर्डर न्यायला लोक यायचे सहाला. म्हणजे तुम्ही मोजायचात ते ऐन घाईत, एका हातानं लाडू वळता वळता. तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नाही. मार्लूसच्या मात्र आलं. नर्सच ती. तिनं फोनवर सरळ विचारलं, "बोट टोचण्याआधी त्या हात धुतात का?"

मी तुम्हाला म्हटलं, "ताई, हात स्वच्छ असतात ना?"

तुम्ही म्हणालात, "अगं, दोनदा जेल लावती."

ओट्यावरची ती सॅनिटायझरची बाटली. हात ओले असले तर यंत्राची पट्टी वाया जाते हे तुम्ही गटात शिकला होतात, सिंकमध्ये कढया साचलेल्या, आणि त्या वर्षी सगळं जग सांगत होतं की जेलहून स्वच्छ काही नाही. तुम्ही खरं तेच सांगितलंत. माझा पुढचा फोन सुरू व्हायचा होता. मी मार्लूसला डचमध्ये 'हो' म्हणाले, "या. धुतात."

एवढंच. जेलनं जंतू मरतात, साखर जात नाही. पाकाची पापुद्र्यासारखी साखर तुमच्या बोटावर तशीच राहायची आणि रक्ताच्या थेंबात मिसळायची. यंत्र तुमचं रक्त मोजतच नव्हतं, लाडवाचा पाक मोजत होतं. पण हात धुतलेले आहेत असं मी सांगितल्यावर मार्लूसला दुसरं कारण शोधावं लागलं, आणि ते एकच होतं. तिनं तुमचं सकाळचं इन्सुलिन वाढवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा वाढवलं. मग आणखी एकदा. आणि मला म्हणाली, त्या काय खातात ते जरा प्रेमानं विचार.

मी विचारलं. प्रेमानं नाही.

"शपथ घेती, जिभेवर कण ठेवला न्हाई."

"ताई, दिवसभर साखरेत हात घालून बसता. एखादा तुटका लाडू जात असेल तोंडात. माणूस आहे."

"मी काय खोटं बोलतीय व्हय?"

"आकडे खोटं बोलत नाहीत," मी म्हणाले.

हे वाक्य मला आता आठवतं तेव्हा तोंडात कडू येतं. माझा आवाजसुद्धा आठवतो, समजूतदार, थोडा दमलेला. तुमच्या वस्तीत काम करून करून मला एक खात्री झाली होती, आणि ती मी स्वतःशीसुद्धा कधी नीट कबूल केली नव्हती: ही माणसं खातात आणि सांगत नाहीत. तुर्की आजोबा बकलावा खातात, सुरिनामच्या बाई कोल्ड्रिंक पितात आणि शालनताई लाडू खातात. माझ्या ओळखीतल्या एखाद्या इंजिनिअरची साखर वाढली असती तर मी आधी म्हटलं असतं, मशीन तपासून बघ. तुमच्या बाबतीत मशीनवर माझा पूर्ण विश्वास होता.

त्याही पुढे जाऊन मी केतकीला फोन केला. तुझी आई ऐकत नाही, तू बघ जरा, म्हणाले. ती शनिवारी आर्नहेमहून आली आणि तुमचे साखरेचे आणि मिठाईचे सगळे डबे उचलून गाडीत घालून घेऊन गेली. तुम्ही तिच्यामागे गॅलरीत धावलात म्हणे. ती तुमच्यावर डचमध्ये ओरडली आणि तुम्ही तिच्यावर मराठीत. गॅलरीतली दारं उघडून लोक बघत होते. सोमवारी तुम्ही सुपरमार्केटमधून नवी साखर आणलीत, कारण ऑर्डरी घेतलेल्या होत्या. आणि मायलेकी महिनाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, कडक वागलं की बरं असतं कधीकधी.

दिवाळीच्या आठवड्यातली ती दुपार मला नाईमानं डचमध्ये सांगितली आणि तुम्ही मराठीत, आणि दोन्ही हकिकती तंतोतंत जुळल्या. चार वाजले होते. पाक उतरवून कोमट व्हायला ठेवला होता. तुम्हाला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, डोळ्यांसमोर काजवे. तसं त्याआधीही पाच-सहा वेळा झालं होतं, पण तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय, रश्मी म्हणणार लाडू खाल्ला असेल. तुम्ही जेल लावलंत, टोचलंत. यंत्र म्हणालं पंधरा. म्हणजे साखर जास्त, म्हणजे काही खायचं नाही. तुम्ही तशाच भिंतीला धरून गॅलरीत आलात, आणि नाईमा तिच्या दारात कुंडीला पाणी घालत होती.

तिनं मास्क नाही, अंतर नाही, काही पाहिलं नाही. तुम्हाला तुमच्याच घरात परत नेऊन खुर्चीत बसवलं. यंत्रावरचा पंधरा बघितला, तुमच्या कपाळाचा घाम बघितला आणि डचमध्ये म्हणाली, हे खोटं आहे. तिलाही पंधरा वर्षांचा डायबेटिस. तुमचा हात तिनं धरला तर तो चिकट. तिला ते आवडलं नाही, एवढंच साधं कारण. ओल्या फडक्यानं तिनं तुमची बोटं खसाखसा पुसली, कोरडी केली आणि स्वतःच्या घरातलं यंत्र आणून टोचलं. तीन.

तुमचे ओठ हलत होते. अठरा त्रिक चोपन्न. नाईमा घाबरली, तिला वाटलं शेवटची प्रार्थना चालली आहे. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि हाताला लागला तो चमचा पाकाच्या कढईत बुडवून तुमच्या तोंडात घातला. मग दुसरा. मग तिसरा.

पंधरा मिनिटांनी तुम्ही भानावर आलात आणि पहिलं काय केलंत, तर तो सगळा पाक सिंकमध्ये ओतून दिलात. उष्टा झाला. नाईमा म्हणे डोक्याला हात लावून बघत राहिली. आर्नहेमवाल्यांची ऑर्डर त्या दिवशी उशिरा गेली आणि तुम्ही त्यांनाच बोललात, इतकी घाई कसली.

संध्याकाळी तुम्ही मला व्हिडिओ कॉल केलात. मी घाबरून विचारायला लागले तर म्हणालात, गप्प बस आणि बघ. डावा हात साबणानं धुतलात, पुसलात, टोचलात. सहा. उजव्या हाताची बोटं पाकाच्या ताज्या थेंबात बुडवलीत, फडक्याला पुसलीत, वर दोनदा जेल चोळलंत, वाळू दिलंत, टोचलंत. सोळा.

"ह्यो डावा. ह्यो उजवा," तुम्ही म्हणालात. "बाई एकच हाय."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला त्या क्षणी स्पष्ट माहीत होतं. मी म्हणाले, "बापरे, हे मार्लूसला लगेच सांगायला हवं." आणि ते मी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळीच. कामाची बाई मी चांगली आहे.

त्या तिघींच्या फोनवर मार्लूस हबकलीच. तिनं इन्सुलिन ताबडतोब खाली आणलं. मग आवाज मऊ करून म्हणाली, मला फार वाईट वाटतं, त्यांना सांग, मी त्यांची माफी मागते. मी सांगितलं, "ताई, ती सॉरी म्हणतेय." पण ती पुढेही बोलली होती. ती म्हणाली, "पण हात धुण्याचं मी विचारलं होतं ना? मला आठवतंय, तू हो म्हणालीस." मी म्हणाले, हो, विचारलं होतंस.

तुम्ही म्हणालात, "आणि काय म्हणाली?"

"काही नाही."

मग तुम्ही म्हणालात, "बरं. तिला म्हणावं, चालायचंच."

आता विचार करते तेव्हा एक गोष्ट मला सतावते. त्या वर्षी हात धुवा ही पाटी इथे कुठे नव्हती? बसमध्ये, सुपरमार्केटच्या दारात, तुमच्या लिफ्टमध्ये. डचमधला 'धुणं' हा शब्द तुम्ही रोज वाचत होतात, हॉटेलात वर्षानुवर्षं ऐकत आला होतात. आणि 'या' म्हणजे हो, हे तर इथे उतरल्यावर पहिल्या दिवशीच कळतं. तुमचा फोन स्पीकरवर होता, दोन्ही वेळा.

त्यानंतर चांगले दिवस आले, ते मला विसरायचे नाहीत. प्रयोगशाळेत रक्त दिलंत, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी झाली, आणि आकडा इतका चांगला आला की मार्लूसनं दोनदा वाचून दाखवला. केतकी डबे परत घेऊन आली. ते डबे तिनं घासून आणले होते, आणि तुम्ही मला कौतुकानं फोन करून सांगितलंत की बुडाशी साबण राहिलाय, पोरीला काय येतंय. नाईमाला तुम्ही पाकातल्या पुऱ्या दिल्यात, तिनं तुम्हाला खारवलेली लिंबं दिली. आपण तिघी फ्लॅटभोवती चालायचो, अंतर ठेवून, त्यामुळे ओरडून बोलत. तुम्ही चालता चालता दोघींना विचारायचात, हात धुतले का, आणि स्वतःच हसायचात. नाईमा हसायची. मीही हसायचे. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलावं. चालण्यात दम लागतो, पुढच्या वेळी.

जानेवारीत तुम्हाला ताप आला. कुठून आला ते कळलं नाही, त्या हिवाळ्यात कुणालाच कळत नव्हतं. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा केतकीलासुद्धा दारातून परत पाठवलं. डॉक्टरांनी तिला नंतर स्पष्ट सांगितलं की जे झालं ते फुप्फुसांमुळे झालं, आधीच्या इन्सुलिनच्या घोळाचा त्याच्याशी संबंध नाही. मी ते केतकीकडून दोनदा वदवून घेतलं. त्यानं माझं मन जेवढं हलकं व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

चौथ्या दिवशी तिथल्या नर्सनं टॅबलेट धरून माझ्याशी तुमचं बोलणं करून दिलं. नाकाला नळी होती, आवाज बारीक. तुम्ही जेवणाला नावं ठेवलीत, नुसता ब्रेड देत्यात म्हणून. मग म्हणालात, "साखर बघायला सारखं टोचत्यात गं. पण आधी बोट पुसून घेत्यात. ओल्या फडक्यानं. रोज."

आणि थांबलात. माझ्याकडे बघत होतात. तो टॅबलेट हलत होता म्हणून मला तेव्हा नीट दिसलं नाही, असं मी स्वतःला सांगते. पण दिसलं होतं. तुम्ही मला जागा करून दिली होती, पाटावर बसायला सरकून देतात तशी.

मी म्हणाले, "बरं झालं. बऱ्या होऊन या आता लवकर."

"येती," तुम्ही म्हणालात.

अंत्यविधीला मोजकीच माणसं, खुर्च्या लांब लांब. नाईमा सगळ्यात मागे उभी होती आणि सगळ्यात जास्त रडली ती. मला रडू आलं नाही. मी केतकीची कागदपत्रं बघत होते, कुठे सही करायची ते दाखवत होते.

रडू काल आलं, तुमच्या स्वयंपाकघरात. केतकी डबे धूत होती, मी ओट्याखालचा खण उपसत होते. तिथे तुमची वही निघाली. दिवाळीपर्यंत संध्याकाळच्या रकान्यात ते चौदा, सोळा, एकोणीस. त्यानंतरच्या प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात तुम्ही लिहिलं होतं, 'धुवून'. शेवटचं पान होईपर्यंत. शाळेत मास्तरनं सांगितलं म्हणून लिहितात तशा अक्षरात. सहा, सात, सहा, पाच, सहा.

मी वही हातात घेऊन जमिनीवर बसले आणि केतकीला म्हटलं, मला एक सांगायचंय. मराठीतच सांगितलं, तिला किती कळतं याचा विचार न करता. मार्लूसनं काय विचारलं होतं, तुझ्या आईनं काय उत्तर दिलं होतं आणि मी काय सांगितलं होतं. तुला फोन करून मी तुझ्या आईवर आळ घेतला आणि चूक माझीच होती, हेही सांगितलं.

तिनं नळ बंद केला.

"आय नो," ती इंग्रजीतच म्हणाली. "दिवाळीत सांगितलं आईनं. तिनं ऐकलं होतं तुला 'या' म्हणताना."

मी विचारलं, मग मला बोलल्या का नाहीत?

"मी पण तेच म्हटलं तिला. मी खूप चिडले होते तुझ्यावर. म्हटलं, मी फोन करते आणि विचारते." केतकीनं हात पुसले. आणि मग ती मुलगी, जिनं माझ्याशी कधी सलग चार वाक्यं मराठीत बोललेली मला आठवत नाहीत, तुमच्याच आवाजात म्हणाली, "'नगं इचारू. तिला ठाव हाय. तिची ती सांगंल.'"

म्हणजे तुम्ही वाट बघत होतात. त्या गुरुवारच्या फोनांवर, फ्लॅटभोवती चालताना, टॅबलेटमधून. रागावून नाही, आठवण करून देत. हात धुतले का, म्हणून हसायचात ते मला हाक मारणं होतं.

तर सांगते, ताई. मार्लूसनं विचारलं, हात धुता का. तुम्ही म्हणालात, जेल लावती. मी म्हणाले, धुतात.

तुम्ही खाल्लं नव्हतंत.